आईचा खाणीतला माणूस

मला एका जागी बसवत नाही. रांगेत उभी असले तरी पाय हलत असतो, जेवताना दोनदा उठते. नवे गेम तर पाच मिनिटांत नकोसे होतात. मेलात? उठा तिथूनच. दोन पावलं चाललात? घ्या शाबासकी. अरे, पण केलं काय मी? मग चरफडत तो जुना गेम लावते. त्याने मला आजवर एकदाही शाबास म्हटलेलं नाही, आणि त्याच्यापुढून मी हलत नाही.

हा उतावळेपणा आईकडून आला. गेमही तिच्याकडूनच.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, बारुदीच्या कामावर. माझ्या अभ्यासासाठी म्हणून त्यांनी नागपूरहून वापरलेला कॉम्प्युटर आणला, त्यात आधीच्या मालकाचा एक गेम राहून गेला होता. खाणीच्या तळाशी अडकलेला इवलासा माणूस. शिड्या चढत, वटवाघळं चुकवत, निसटणाऱ्या फळ्यांवरून उड्या मारत त्याला वर उजेडात आणायचं. मधे कुठे खेळ जतन करायची सोय नाही. पडला की पुन्हा तळाशी.

आईने आधी मला झापलं. "काय उड्या मारून राहिली दिवसभर? परीक्षा कोण देईन?" मग एका दुपारी मी शाळेतून लवकर आले, तर आईच खुर्चीच्या टोकावर बसलेली, ओठ दाताखाली, आणि आत कुकर शिट्ट्या देऊन देऊन थकलेला. "थांब वो, बोलू नको. याले बाहेर काढाचं हाय मले."

सिनेमाला मध्यंतरापर्यंत न टिकणारी बाई त्या माणसासाठी रोज दुपारी बसायला लागली. पडला की, "मेल्या, डोळे फुटले का तुये?" आणि लगेच पुन्हा सुरू. बाबांना मात्र कळू द्यायचं नव्हतं. पोरीला रागावते आणि स्वतः खेळते, असं कॉलनीभर झालं असतं. फॅक्टरीची बस वळणावर दिसली की ती कॉम्प्युटरवर कव्हर टाकून चहाला लागायची.

एके दिवशी माणूस पार वरच्या शिडीला पोचला. उजेडाचं तोंड समोर दिसत होतं. नेमकी तेव्हाच बस आली. आईने खेळ थांबवला, मॉनिटर बंद केला, वरून कव्हर टाकलं. चहा घेऊन बाबा बाजारात गेले की उरलेली उडी मारायची, एवढंच बाकी होतं.

पण बारुदीत काम करणाऱ्या माणसाच्या मनातून ठिणगीची धास्ती घरीही जात नाही. बाबा घरात विनाकारण एक बटन चालू ठेवत नसत. चपला काढता काढता त्यांना कव्हराखालची घुरघुर ऐकू आली. "हे कायले चालू ठेवता रे तुम्ही? आग लागन एखाद्या दिवशी." खट्ट.

आई गाळणी हातात धरून उभी राहिली. मग पोळ्या दणादण लाटल्या. मला तर रडूच फुटलं, आणि बाबांना वाटलं माझा अभ्यास पुसला गेला.

पुढे तो कॉम्प्युटर बिघडला, बाबा रिटायर झाले, भंडाऱ्यात घर झालं. तांदूळ निवडता निवडता आई मधेच म्हणायची, "माणूस खालीच राह्यला माया." बाबा विचारायचे, "कोण माणूस?" "कोणी नाही."

मागच्या दिवाळीत मी तो गेम शोधून लॅपटॉपवर आणला. आईची बोटं आता आखडतात. दुपारभर तिचा माणूस पडत राहिला. म्हटलं, आई, यात आता हवं तिथे जतन करता येतं. "कायले? तसा काढून काय फायदा?" शेजारी बसून माझा जीव वरखाली. आत्ता, आत्ता मार उडी! "तू चूप बस, नाहीतर बाहेर जा."

भाऊबीजेच्या दुपारी माणूस पुन्हा त्या वरच्या शिडीला पोचला. आणि बाबा खोलीत आले. सवयीने भिंतीकडे गेले. खट्ट.

मी "बाबा!" म्हणून किंचाळलेच. स्क्रीन जराशी मंद झाली, पण विझली नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, हे घाबरून माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं. आईने नजर हलवली नाही. उडी मारली. माणूस उजेडात आला.

मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तोवर उजेड गेला आणि माणूस पुन्हा खाणीच्या तळाशी उभा. त्याच शिड्या, वटवाघळं मात्र आणखी. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं जीव टाकला आणि शेवटी हे? शुद्ध फसवणूक!

आई खुर्चीत मागे टेकली. तिला अशी टेकून बसलेली मी कधी पाहिली नव्हती. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "मले भेवच लागून राहिलं होतं. हा बाहेर आला तं मंग मी कोणाले काढू?" आणि पुन्हा टोकावर सरकली.

बाबा तिथेच उभे होते. स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तो खाली राह्यलेला माणूस म्हंजे हाच का?"

"हो. आता बोलू नका."

बाबांनी बटन पुन्हा चालू केलं.