दिराला लागलेलं भूत

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझे धाकटे दीर नागपूरला डॉक्टरकी शिकत. सण नाही, सुट्टी नाही अन् एक दिवस अचानक अमडापुरात घरी हजर. संगती एक लाकडी पेटी. जेवण नाही, झोप नाही, हाक मारली की दचकत.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी पेटी उघडली. आत माणसाची हाडं! डॉक्टरकीची पोरं अभ्यासाला अशी हाडं नेतात, हे आम्हाला काय ठाऊक? सासूबाईंनी लगेच ठरवलं, "ज्याची हाडं त्यानंच धरलं माह्या पोराले. उद्याच भूत उतरवून आणू."

मी कापसाच्या खोलीत गेले. दीर कापसाच्या गंजीला टेकून बसले होते.

"भाऊजी, खरं सांगा. काय झालं?"

"तोंडी परीक्षेत सर हातात हाड देतात, वयनी. तोंडून शब्द निघत नाही. दोनदा उठून पळालो, नापास झालो. घरी कळवलं नाही."

"मंग आईले सांगा ना."

"नको. भूतच म्हणू द्या. भूत लागलं म्हटलं की कोणी नापास म्हणत नाही." मग खाली पाहून म्हणाले, "काल मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसलो होतो. परवाही."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "भूत एका दिवसात उतरते, भाऊजी. मंग तुम्हाले पुन्हा नागपूरच्या गाडीत बसवतील. तवा काय करान?"

मी त्यांचा हात धरला अन् सरळ ओसरीवर सासू-सासऱ्यांपुढं आणलं. मामंजींपुढं मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं, विहीरसुद्धा.

सासूबाई कडाडल्या, "काय अभद्र बोलते वं!"

मामंजींनी हातानंच त्यांना थांबवलं. लेकाला विचारलं, "विहिरीवर गेल्ता?"

दिरांनी होय म्हणून मान हलवली. सासूबाई उठून लेकाजवळ येऊन बसल्या.

म्हणाल्या, "नापास तं नापास! एवढ्यासाठी जीव देतं का कोणी?" अन् रडायला लागल्या.

त्या वर्षी दीर परत गेले नाहीत. महिनाभर सासूबाई त्यांच्या मागं मागं. ते नुसते चपला घालायला लागले तरी, "कुठी चालला बे?"

"परसाकडं चाललो, आई! तिथंबी येते का?"

असे पहिल्यासारखे चिडून बोलायचे. मी चुलीपुढून ऐकायची, अन् त्या दिवशीची भाकर जरा हलक्या हातानं थापायची.