शेवंतीचं पाणी आणि शेवटचं पान

वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती बंद झाली आणि मी शिरूरला परतलो. वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. डेस्कवर असताना फावल्या वेळात फंक्शनल प्रोग्रामिंग, म्हणजे गणिताच्या सूत्रासारखे प्रोग्राम लिहायची पद्धत, शिकलो होतो. तेवढंच हाताशी होतं.

तालुक्यातल्याच कवठे येमाईला चुलत्यांची, म्हणजे आप्पांची, शेवंती होती. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारी पेटी त्यांनी तयार घेतली होती. पाणी किती वेळ गेलं हे ती स्वतःशी मोजायची. वीज गेली की मोजलेलं विसरायची, आली की पहिल्यापासून पाणी सुरू. वीज दिवसातून अनेकदा जायची. अर्ध्या रानाची मुळं कुजली. उरलेल्या अर्ध्याची फुलं दसऱ्याला काढायची होती. पाणी हातानं बंद करायला आप्पा पुन्हा दिवसभर मोटारीपाशी बसू लागले, मांडीवर दौंड स्टेशनाबाहेरून जुनी घेतलेली थरार कादंबरी.

मी पेटीतला प्रोग्राम नव्यानं लिहिला. त्यात काहीच लक्षात ठेवायचं नव्हतं. पाइपावरच्या पाण्याच्या मीटरचा आकडा वीज गेली तरी पुसला जात नाही. त्यावर आजचं पाणी किती गेलं ते वाचायचं आणि व्हॉल्व्ह उघडा हवा की बंद ते सांगायचं. आकडा तोच, तर उत्तरही तेच. मधे वीज जावो की राहो. असा प्रोग्राम रानात नेण्याआधी घरच्या टेबलावर, थेंबभर पाण्याशिवाय तपासता येतो.

थरार कादंबऱ्या मला फारशा आवडत नाहीत. महत्त्वाची गोष्ट लेखक लपवून ठेवतो आणि त्यालाच कौशल्य म्हणतात. बातमीत हे चालत नाही, प्रोग्राममध्येही नाही. आप्पा शेवटचं पान आधी वाचायचे.

"मग मजा काय राहिली?" मी विचारलं.

"खुनी ठाव असला म्हंजी निवांत वाचता येतंय. हितं रानात काय कमी घोर हाय?"

प्रोग्राम पेटीत घातला त्याच दुपारी, पाणी चालू असताना वीज गेली. आप्पांनी पुस्तक मिटलं नाही, पानही उलटलं नाही. वीज आली. मोटार आपोआप सुरू झाली, व्हॉल्व्ह उघडला आणि ठरल्या आकड्याला बंद झाला. पाठोपाठ मोटारही. आप्पा सरीत उतरले, मूठभर माती दाबून ओल बघून परत आले.

"इसरलं न्हाई म्हंजी."

"त्याला काही आठवतच नाही, आप्पा. फक्त मीटर बघतं."

"तुझ्यावानीच की. पेपर बंद पडला, त्यावर एक शबूद बोलला न्हाईस."

मी मीटरकडे पाहिलं. "उद्यापासून तुम्ही इथं बसू नका."

त्यांनी कादंबरी माझ्या हातात दिली. "मी न्हाईच बसत. तू बस. शेवट सांगत न्हाई."

ते घराकडे गेले. मी पहिलं पान उघडलं.