गाडीचं माहेर

आमच्या पहिल्या गाडीला आवंढा गिळायची सवय होती.

म्हणजे असं, की सिग्नल हिरवा झाला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडत ॲक्सिलरेटर दाबला, की कुठलीही भली गाडी पुढे जाते. आमची विचारात पडायची. बंद पडायची नाही, हं. बंद पडली असती तर ढकलता तरी आली असती. इंजिनाचा आवाज घशात अडकल्यासारखा व्हायचा, अख्खं धूड जागच्या जागी शहारायचं, आणि मग अचानक कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी ती उडी मारायची. त्या मधल्या वेळात मागच्या बसचा हॉर्न, शेजारच्या रिक्षावाल्याची शिवी आणि माझ्या पाठीवरून उतरणारा घाम, सगळं एकदमच यायचं.

मी मुळातला भित्रा. जत्रेतल्या पाळण्यात आमच्या चामराजपेटेतली शेंबडी पोरं बसायची तेव्हा मी खाली उभा राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायचो. गाडी शिकलो तीही तिशी उलटल्यावर. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी स्वतःच्या बाजूचा जादा ब्रेक महिनाभर दाबूनच धरला होता, आणि मी समजत होतो की मला ब्रेक फार छान जमतो.

तरी नुसत्या माझ्या भीतीचं काही नव्हतं; तिची घरात सगळ्यांना सवय होती. पण त्या वर्षी डिसेंबरात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला दावणगेरेहून माहेरी आली. तिचा रक्तदाब वाढायला लागला होता. आमच्या गावातल्याच शिवाजीनगरच्या बाजूला ज्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं, त्यांनी तपासून झाल्यावर चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "कळा सुरू झाल्या की घरी वाट बघत बसायचं नाही. पहाट असो, दुपार असो, लगेच निघायचं. गाडी आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

चामराजपेटेतून तिथे जायचं म्हणजे मार्केटचा चौक ओलांडणं आलं. सगळ्या दिशांनी बस येतात, मधे हातगाड्या, आणि पहाटे फुलांची पोती घेऊन धावणारी माणसं. डोळे मिटले की मला तो चौक दिसायचा. मधोमध आमची पांढरी गाडी आवंढा गिळत उभी, मागे बहीण विव्हळतेय, आणि डावीकडून बस येतेय.

गाडीची वॉरंटी संक्रांतीपर्यंत होती, कारण मागच्या संक्रांतीलाच ती घरात आली होती. म्हणून मी सर्व्हिस सेंटर गाठलं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याच्या रस्त्यावर. जिथून गाडी विकत घेतली, तिथेच. तिथला सुपरवायझर कपाळावर विभूती, खिशात पेन, अगदी शांत माणूस. माझी सगळी कहाणी त्याने ऐकून घेतली, मला शेजारी बसवलं आणि गाडी घेऊन एक मोठा फेरा मारून आला. गाडी अशी पळाली म्हणता! लोण्यातून सुरी.

"एनू तोंदरे इल्ला, सार," तो म्हणाला. काही त्रास नाही. मग जरा खाली वाकून, दुखवायचं नाही अशा आवाजात, "क्लच स्वल्प सावकाश सोडून बघा."

मी घरी येऊन हे सांगितलं. बहीण पाय पसरून पेरू खात बसली होती. ती म्हणाली, "अण्णा, मी तुला आधीच म्हटलं होतं. गाडीला काही झालेलं नाही, तूच तिला घाबरवतोस."

दुसऱ्या सकाळी ऑफिसला निघालो, तर कोपऱ्यावरच गाडीने आवंढा गिळला.

पुन्हा येलहंक्याचा रस्ता. पुन्हा फेरा. पुन्हा लोणी. मला वाटायला लागलं की गाडी त्या माणसासमोर मुद्दाम शहाण्यासारखी वागते, आमच्या नात्यातली काही मुलं पाहुण्यांसमोर वागतात तशी. पण या वेळी सुपरवायझरने विचारलं, "सार, हे होतं कधी?"

"सकाळी. घरातून निघाल्या निघाल्या."

"मग झालंच की! तुम्ही अख्खं गाव ओलांडून इथे येईपर्यंत इंजिन गरम होतं. गरम झालं की दोष लपतो. गाडी रात्रभर इथे ठेवा. सकाळी थंडगार असताना मी स्वतः सुरू करतो. मला एकदा दिसलं की वॉरंटीत बदलून देतो. न दिसता कंपनीला काय लिहू?"

सरळ होतं सगळं. पण आमच्या घरात ते सरळ नव्हतं.

माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. आईच्या मते सून यायच्या जागी ही गाडी आली होती, आणि सुनेचे सगळे नियम तिने गाडीला लावले होते. दिवेलागणीला बॉनेटवर हळदकुंकू. मंगळवारी आणि शुक्रवारी ती लांब पाठवायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे घरात आलेली लक्ष्मी पहिलं वर्ष परक्याच्या दारात झोपत नाही.

"आई, ते सर्व्हिस सेंटर आहे. तिथे शंभर गाड्या झोपतात."

"झोपू देत. त्यांच्या आया काय करतात ते त्यांना विचार. उद्या सून आणलीस आणि तिला खोकला झाला, तर दवाखान्याच्या ओट्यावर निजवून घरी येशील का रे?"

आता खरं सांगायचं तर आईच्या या नियमामागे मी सुखाने लपलो. कारण गाडी तिकडे ठेवायची आणि नेमक्या त्याच पहाटे बहिणीला कळा यायच्या, हे दुसरं चित्र मला पहिल्यापेक्षा भयंकर वाटत होतं. गाडी असली तर चौकात मरण, नसली तर दारात. मी अशा वेळी नेहमी करतो तेच केलं. काहीच केलं नाही. तिसऱ्यांदा सकाळी नेली, संध्याकाळी परत आणली. सुपरवायझर म्हणाला, "सरी, सार, ठीक आहे. पण संक्रांत झाल्यावर माझ्या हातात काही उरणार नाही."

मग एका सकाळी बहिणीला तपासणीसाठी न्यायचं होतं. थंडी होती, काचेवर दव. आई पुढे माझ्या शेजारी, बहीण मागे दोन उशांच्या मधे राणीसारखी. निघताना तिची मस्करी चालू होती, "अण्णा, वाटेत देवळं बरीच आहेत, प्रत्येकासमोर थांबलास तरी चालेल."

मार्केटच्या चौकात सिग्नल सुटला. मी निघालो. अर्ध्यात आलो आणि गाडीने आवंढा गिळला.

बस डावीकडूनच आली. मी इतके दिवस बघितली होती तशीच, फक्त चित्रात तिला आवाज नव्हता. पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला, आणि पायाखाली काही नाही, जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसं. बसच्या पुढच्या काचेवरचा झेंडूचा हार मला इतका जवळून दिसला की त्यातली सुकलेली फुलं कुठली तेही सांगता आलं असतं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आमची गाडी उडी मारून पलीकडे गेली. मागून कुणीतरी कन्नडमधून आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

मी गाडी कडेला घेतली. आई देवाचं नाव घेत होती. मी आरशात बघितलं. बहिणीने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. तिला गप्प बसलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो, आणि त्या गप्प बसण्याची मला बसपेक्षा जास्त भीती वाटली.

शेवटी ती हळूच म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी मला रिक्षाने नेशील? रागावू नकोस."

त्या संध्याकाळी आईने गाडीला हळदकुंकू लावलं आणि तिथेच बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. आत येऊन तिने विचारलं, "ही गाडी तू घेतलीस ती कुठून?"

"तिथूनच, आई. येलहंक्याच्या रस्त्यावरून. तूच नव्हतीस का नारळ फोडायला?"

"मग ते परक्याचं दार कसं? ते तिचं माहेर." बहिणीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हिची तब्येत बिघडली तर ही माहेरी आली. तिचीही बिघडलीय. माहेरी चार दिवस राहायला कुठल्या सुनेला बंदी असते?"

इतके दिवस मी ज्या नियमामागे लपलो होतो, तो आईने असा एका वाक्यात दार उघडावं तसा उघडला. आता मला लपायला जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवार बघून, तिने गाडीची ओटी भरली. पुढच्या सीटवर खण, त्यावर तांदूळ आणि नारळ. बहीण दारातून ओरडली, "होगी बन्नी!" कन्नडात कुणाला निरोप देताना म्हणतात तसं, जाऊन या.

सर्व्हिस सेंटरवर सुपरवायझरने दार उघडलं आणि सीटकडे बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी खुलासा करायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "मडिलक्की आहे ना ही? आमच्याकडे मुलीला भरतात. आत कुणी हात लावणार नाही, सार. तुम्ही सकाळी लवकर या. तुमच्यासमोर सुरू करू."

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. बहीण कुशीवर वळली तरी मी उठून बसत होतो. उजाडलं, कळा आल्या नाहीत, आणि मी पहिल्या बसने येलहंक्याकडे निघालो.

गाडी दवाने भिजून उभी होती. सुपरवायझरने बॉनेटला हात लावून बघितला, मान हलवली आणि सुरू केली. फाटकातून बाहेर मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडून एक ट्रक येत होता, पण लांब होता. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने आवंढा गिळला.

"अय्यय्यो!" तो शांत माणूस किंचाळला.

ट्रक जवळ येत होता, मी शेजारी ओटी मांडीवर घेऊन, जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि तरीही, देवाशप्पथ, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. दिसलं! त्याला दिसलं! गाडी उडी मारून कडेला गेल्यावर त्याने कपाळ पुसलं, विभूती सगळी गालावर आली, आणि म्हणाला, "यात तुम्ही बहिणीला घेऊन फिरत होता?"

कार्बोरेटरमध्ये रबराचा एक छोटा पडदा असतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो जादा पेट्रोलची पिचकारी मारतो. आमचा थंडीत ताठ व्हायचा आणि पिचकारी सुकी जायची. गरम झाला की मऊ पडून गुणी बाळ. सुपरवायझरने सगळा कार्बोरेटरच वॉरंटीत बदलायचं ठरवलं.

ते काम चाललं असताना मी तिथल्या फोनवरून घरी फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. वाजत राहिला. माझ्या डोळ्यांसमोर उघडं टाकलेलं दार, ओसरीवर पडलेली चप्पल, सगळं उभं राहिलं. गाडी हातात आल्यावर मी कसा घरी पोचलो ते आठवत नाही. धावत आत शिरलो, तर बहीण परसात उन्हाला बसून केस वाळवत होती.

"फोन का नाही उचललास?"

"ऐकला की. पण आई देवळात होती, आणि मला उठायला लागतं ना, अण्णा. आणि एवढा वेळ वाजत राहणारा फोन तुझाच असणार, हे माहीत होतं."

गाडीत पुढच्या सीटवर खण आणि तांदूळ होतेच. नारळ मात्र त्यांनी ठेवून घेतला होता, आणि त्या जागी केळी, विड्याची पानं आणि हळदकुंकवाची पुडी होती. माहेरहून रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. आईने ती केळी सगळ्यांना वाटली आणि म्हणाली, "चांगली माणसं आहेत हो तिच्या घरची."

कळा संक्रांतीच्या थोडं आधी आल्या, पहाटेच, आणि थंडी अशी की तोंडातून वाफ. मी म्हणालो, "रिक्षा बघून येतो." बहिणीने भिंत धरली होती. एक कळ जाऊ दिली आणि म्हणाली, "गाडी काढ."

"नक्की?"

"माहेरी जाऊन आलीय ना ती? काढ."

मार्केटचा चौक. फुलांची पोती, बस, हातगाड्या. सिग्नल लाल. मागून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि आईचं देवाचं नाव. सिग्नल हिरवा झाला. मी क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि डोळे मिटून घ्यावेत इतकी भीती वाटली. गाडी सरळ निघाली, काही विचार न करता, चौकाच्या पलीकडे.

घशात मोठ्ठा आवाज झाला तो माझ्या.

"अण्णा," मागून कण्हत आवाज आला, "गाडी बरी झाली. आता तू नको सुरू करूस. चल लवकर!"