पहिली ती, नंतरची मी

भोसरीच्या कबड्डी हॉलमध्ये ताईला सत्काराचा फेटा बांधत होते तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि आतून जळत होते.

ताई माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी. चाकणजवळच्या आमच्या गावात मुलींच्या कबड्डी संघात खेळलेली आमच्या वस्तीतली पहिली मुलगी. आमची वस्ती बौद्धांची, ओढ्याच्या पलीकडे. तिच्याआधी आमच्या मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहून नुसता खेळ बघायच्या. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी ताईला पळताना पाहिलं आणि कुणालाही न विचारता संघात घेतलं. ती खेळली एकच हंगाम. नंतर लग्न होऊन दापोडीला गेली ती गेलीच.

मी वर्षानुवर्षं खेळले. तालुका, जिल्हा, मग गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा संघ, आणि त्याच कंपनीत नोकरी. फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी न जाता थेट सरावाला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. पण कुठेही जिंकून आले तरी कुणीतरी विचारायचंच, "म्हणजे तुम्ही त्यांची बहीण का?" आणि पुढे ती गोष्ट सुरू व्हायची.

गोष्ट खरी आहे. मी तेव्हा लहान होते, आईच्या कडेवरून पाहिलेली. शेजारच्या गावाशी सामना होता. ताई चढाईला गेली की समोरच्या मुली मागे सरकायच्या, सरकत सरकत रेषेबाहेर जायच्या. बाद झालं तरी चालेल, पण हिचा हात अंगाला लागायला नको. आमच्या संघाला गुण मिळत होते आणि बघणारे हसत होते. ताईने एक चढाई केली, दुसरी केली, आणि तिसऱ्या वेळी ती त्यांच्या भागात मधोमध जाऊन उभीच राहिली. हात खाली सोडलेले, तोंडाने कबड्डी, कबड्डी चालू. दम संपला, बाद झाली. पुन्हा पाळी आल्यावर पुन्हा तेच. बाई ओरडल्या, "अगं, गुण जातायत!" ताई म्हणाली, "जाऊ द्या. मला धरा म्हणावं त्यास्नी."

शेवटी त्यांच्या कर्णधार मुलीने खाली वाकून तिचा घोटा धरला. दोघी धूळ उडवत पडल्या. आमचा संघ हरला. त्या मुलीला घरच्यांनी अंगणातच डोक्यावरून आंघोळ घालून मग आत घेतलं, असं पुढे कळलं. पण पुढच्या सामन्यात तिने ताईला पुन्हा धरलं, आणि तिचं बघून बाकीच्यांनीही.

माझ्या वेळेपर्यंत हे सगळं संपलं होतं. मला पहिल्या दिवसापासून धरलं, आपटलं, अंगावर पाचपाच जणी पडल्या. त्याची कुणी गोष्ट केली नाही.

भोसरीत आभाराचं भाषण मलाच दिलं होतं. मी माईकवर म्हटलं, "ताई मैदानात उतरली नसती तर मी खेळले नसते." शब्दन् शब्द खरा होता, म्हणूनच तोंड कडू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही ताईकडे बघून.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी चहाचे कप घेऊन खुर्च्यांवर बसलो. समोर मॅटवर मुलींचा सराव सुरू झाला होता. ताईने फेटा काढून मांडीवर ठेवला होता. ती म्हणाली, "तुझा लई राग यायचा मला."

"माझा?"

"पेपरात तुझा फोटो यायचा. ह्यांना दिसायच्या आधी मी घडी घालून ठेवायची. मी दापोडीत भाकऱ्या थापत होते आणि तू खेळत होतीस. तुझ्या लग्नानंतरसुद्धा."

"अगं, पण सगळे तुझंच नाव घेतात!"

"नाव घेतात. खेळायला कुठं मिळालं?"

एवढी वर्षं हिचा हेवा केला, आणि ही इकडे माझाच करत बसली होती. समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

तेवढ्यात ताई उठली. चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि मुलींना म्हणाली, "एक चढाई करू का गं?"

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "करू द्या. पण नीट धरा, लाड करू नका." आणि मीसुद्धा बचावाला जाऊन उभी राहिले.

ती आली. आवाज अजून खणखणीत होता. तिने एका मुलीला हुलकावणी दिली, दुसरीच्या खांद्याला स्पर्श केला आणि वळली. मी तिचा घोटा धरला, जोरात, आणि बाकीच्या तिच्यावर कोसळल्या. ढिगाखालून तिचं हसणं ऐकू येत होतं. मुली तिला उठवत होत्या, फोटो काढत होत्या. पकड माझी होती, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

स्कूटरवरून तिला दापोडीला सोडायला निघाले. नाशिक फाट्याच्या सिग्नलला ती मागून म्हणाली, "उद्या अंग दुखंल का गं?"

"दुखेल. चार दिवस उठता येणार नाही," मी जरा बरं वाटून म्हणाले.

"दुखू दे की," ती म्हणाली, आणि इतक्या खुशीत म्हणाली की मला पुन्हा तिचा हेवा वाटला.