यतीनच्या रक्तातला आकडा

आचऱ्याच्या किनाऱ्यावर वृषणात पाणी भरलेलं असूनही होडी हाकणारी माणसं कमी नाहीत. माझ्या नवऱ्याचं, म्हणजे भाईंचंही त्यासाठी ऑपरेशन झालं होतं. म्हणून आमच्या मुलाला, यतीनला तिथे सूज आली तेव्हा भाई म्हणाले, "पाणीच आसतलां. दर्यावरच्या माणसाक होताच तां. मोसम संपलो की काढून घेवया." दुखत नव्हतं. यतीनने मोसमभर जाळी ओढली.

मे महिन्यात मालवणच्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करून सुजेवर टॉर्च धरला. पाणी असतं तर उजेड आरपार लालसर दिसला असता. दिसला नाही.

गोव्याला वृषण काढलं. अहवाल आला, सेमिनोमा. या जातीचा कर्करोग बहुतेकदा बरा होतो, असं कळल्यावर भाईंनी रामेश्वराला नारळ ठेवला. रक्ताचे अहवाल यायचे होते. त्यातली एक तपासणी गरोदर बायकांचीही करतात, हे लॅबमध्ये ऐकून यतीन हसला होता.

"आये, माका दिवस गेले तर बारसां खंय करशीत गो?"

"तुझ्या सासुरवाडीक," मी म्हटलं.

त्या तपासणीचा आकडा थोडाच वाढलेला निघाला. दुसरा, एएफपी नावाच्या प्रथिनाचा, फारच वर होता. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या सेमिनोमात एएफपी वाढत नाही. गाठीत दुसऱ्या जातीच्या पेशीही आहेत. आम्ही तपासलेल्या तुकड्यात त्या आल्या नाहीत." त्या फुप्फुसात आणि यकृतात पोचल्या होत्या.

केमोने आकडा उतरू लागला. यतीनचे केस गेले. होडीवरचा त्याचा सोबती शिवा म्हणायचा, "टोपी घाल रे, मासळी बुजतली." मग आकडा उतरायचा थांबला, पुढे चढू लागला. औषधं बदलली, तरी चढतच राहिला.

पावसाळ्यानंतर होडी पाण्यात लोटायच्या दिवशी गोव्याहून फोन आला. आता वेदना कमी करण्यापुरतीच औषधं. यतीन ओसरीवर चादर लपेटून बसला होता.

"आकडो उतरलो?"

"नाय रे. चढलो."

तो किनाऱ्याकडे बघत राहिला. "भाईंका आत्ताच सांगू नको. लोटूक माणसां जमली आसत."

तेवढ्यात भाईच नारळ घेऊन वर आले. होडीपुढे नारळ दरवर्षी यतीनच फोडायचा. त्याने तो हातात घेतला, वजन पेलेना तसा मांडीवर टेकवला आणि परत दिला.

"ह्या वर्सा मी फोडतंय," भाई म्हणाले. "फुडल्या वर्साक तूच."

"होय," यतीन म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.