पाठीचा माज

रत्नागिरीच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला सरळ सांगितलं होतं, "काका, दुखते पाठ, पण कमजोर आहे पोट. पोट-कंबर बळकट करा, रोज पंधरा मिनिटं. आणि यंदा पालखी नको."

पालखी नको म्हणे! आमच्या गावात शिमग्याला पालखी घरोघर येते. अंगणात आली की घरच्या पुरुषांनी ती खांद्यावर घेऊन नाचवायची. वर्षभर मी जवळच्या पाली गावात बँकेत खुर्ची उबवणारा माणूस, पण तो दिवस मी कधी सोडला नव्हता.

कोपरांवर अंग तोलून धरायचं, उताणं पडून कंबर उचलायची, असले व्यायाम तिने शिकवले. चार दिवस केले. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "झाली का हौस फिटून?" मी म्हटलं, "हे चोचले शहरातल्यांचे. आम्ही खाणीतले चिरे वाहिलेत." चिरे बाबांनी वाहिले होते. मी एकही नाही.

आदल्या वर्षी वारं जाऊन बाबांचं डावं अंग लुळं पडलं होतं. त्यांना खाटेवरून उठवणं, आंघोळ घालणं माझ्याकडे. मानी माणूस, दुसऱ्या कुणाचा हात अंगाला लागू द्यायचे नाहीत. म्हणूनच ती मुलगी जीव तोडून सांगत होती.

पालखी आली. भावकीतल्या एकाने डिवचलं, "साहेब, झेपेल ना?" झालं. देवाचं काम, देव बघून घेईल, म्हणत खांदा दिला. ढोलावर दोन गिरक्या घेतल्या, तिसरीला कमरेत कळ गेली आणि मी मटकन खाली बसलो. देव काय बघतोय, डोंबल!

पंधरा दिवसांनी मी जेमतेम चालत होतो. तरी बाबांना धरून न्हाणीघरात नेलं. ते स्टुलावरून घसरले. मी त्यांच्या काखेत हात घालून जोर लावला आणि तसाच वाकलेला राहिलो. शेवटी शेजारच्यांना हाक मारली. दोघे धावत आले. बाबा उघडे, ओले, भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्या दोघांनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं, मी दाराला धरून उभा. मला माझी किळस आली.

बाबांनी उजव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मात्र मी नेमाने व्यायाम केले. पावसाळ्यापर्यंत पाठ सुधारली; तोवर त्या दोघांतला एक रोज येऊन बाबांना आंघोळ घालायचा. एका सकाळी पाणी तापवून बाबांना उठवायला गेलो. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "तू नको. शेजारच्याला बोलव."

बाबा जाईपर्यंत त्यांना तोच आंघोळ घालत होता.