माठाशेजारची जागा

जामबागेतल्या कावेरीबाईंचं सोवळं भारी कडक. नवरा व्यंकटराव वकील मधुमेहाने खंगत चालले, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनची बाटली दिली आणि बजावलं, "थंडाव्याला ठेवा." घरात थंडावा एकाच ठिकाणी होता, स्वयंपाकघरात, माठाखालच्या ओल्या वाळूत. पण हे औषध जनावर कापून काढतात, असं व्यंकटराव सहज बोलून गेले आणि बाईंनी बाटली उचलून मागच्या पडवीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवली. "माझ्या माठाला त्याचा वारासुद्धा नको!" कोर्ट दणाणून सोडणारे व्यंकटराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून मात्र मागे फिरले.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. पडवीचा पत्रा भट्टीसारखा तापायचा. रोज सुई टोचूनही त्यांची तहान भागेना, अंगावरचं मांस झडत चाललं. शेवटी डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते.

"हे केव्हाच नासलंय, बाई. कुठे ठेवलं होतं?"

बाईंनी पडवीकडे बोट केलं. नवी बाटली मिळेना. निजामाच्या संस्थानाची नाकेबंदी झाली होती, बाहेरून औषधं येईनात. व्यंकटराव श्रावणात गेले.

भाद्रपदात भारताची फौज आली, रस्ते खुले झाले. गल्लीत लोक साखर वाटत होते, तेव्हा डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सोलापुराहून मागवलेली बाटली घरी पोचली. कावेरीबाई ती घेऊन, पारोशा अंगानेच, स्वयंपाकघरात शिरल्या. माठाखालची वाळू त्यांनी बोटांनी उकरली आणि बाटली अलगद आत ठेवली.

मग रोज वाळूवर पाणी शिंपडत राहिल्या.